वाढीव शुल्क आणि दोघींची रायफल

६ जानेवारी

प्रिय ताई,

कार्डं कुठे आहेत? दर वर्षी डिसेंबर सरायच्या आत तुझा लिफाफा येतो. आत तुझ्या वीस छर्र्यांची टार्गेटकार्डं आणि मागे "नीट मोज, ठेंगणे" असा शेरा. यंदा पोस्टमन समोरून जाताना मला बघून नुसतीच मान हलवतो. बिचाऱ्याला वाटत असेल, बाईचं कुणीतरी लांब गेलंय आणि पत्र टाकत नाहीये.

अगं, अर्धे अर्धे पैसे घालून आपण ही एक एअर रायफल घेतली. जानेवारी ते जून माझ्याकडे, पुढचे सहा महिने तुझ्याकडे, आणि कार्डं एकमेकींची मोजायची, असं ठरवलं. त्यात कधी खंड पडला नाही. माझ्या बाळंतपणात नाही, तुझं बाइंडिंगचं वर्कशॉप दुसऱ्या गल्लीत हललं तेव्हाही नाही. आपल्या आया सख्ख्या बहिणी असून वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत. आपण मावसबहिणी निदान भोकं मोजण्यापुरत्या तरी बोलतो! माझी कार्डं तुला जूनमध्येच मिळाली. रेषेवरच्या एका भोकासाठी तू माझा एक गुण कापलास. कापलास तर कापलास, पण आता तुझी पाठव.

आता ऑफिसची बातमी. बंदरावर आलेला परदेशी माल कागदोपत्री सोडवायचं आमचं काम, तुला माहीतच आहे. सोमवारी नवे दर आले. त्यांनी आपल्या मालावर टॅरिफ लावला, म्हणून आपण त्यांच्या मालावर लावला, आणि या दोघांच्या भांडणात मार बसला तो तुझ्या-माझ्यासारख्यांना. रायफली, छर्रे, साइट, नेमबाजीचं ते कडक जाकीट, हातमोजा, सगळंच महागलं. गंमत सांगते. दरांच्या पुस्तकात आपली हवेवर चालणारी रायफल तोफांच्या प्रकरणात बसते. आपला छर्र्यांचा डबा आणि रणगाड्याचा गोळा शेजारी शेजारी! साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही इतक्या धोकादायक असाल असं वाटलं नव्हतं." मी म्हटलं, पगारवाढीच्या वेळी लक्षात ठेवा.

तुमच्या दुकानदाराकडे जुना माल आहे तोवर चार डबे उचलून ठेव. आणि भावोजी छापखान्यांच्या फेरीवर इकडे कधी येताहेत? रायफल त्यांच्याबरोबर दे. आता पाळी माझी.

तुझी,
ठेंगणी


१९ जानेवारी

ठेंगणे,

पत्र मिळालं. हे टाईप केलेलं बघून दचकू नकोस. हल्ली वर्कशॉपची बिलं मीच कॉम्प्युटरवर करते, बोटांना सवय लागली.

या खेपेला कार्डं नाहीत. कारण तू लिहितेस तेच. शुल्क वाढणार ही आवई आमच्या दुकानदाराने ऑक्टोबरपासूनच उठवली होती आणि दरही तेव्हापासूनच चढवले. मी हात आखडता घेतला. रविवारी क्लबवर जाऊन पाच-सहा छर्रे उडवते, तेवढंच. वीसचा डाव जमला नाही.

दुसरं. नवी रायफल आता कुणाच्या आवाक्यात राहिलेली नाही, त्यामुळे जुन्यांना मागणी आली आहे. दुकानदार आपली मागतो आहे. त्याने सांगितलेली किंमत ऐकून तुझे भावोजी खुर्चीत सरळ होऊन बसले. मला वाटतं, देऊन टाकावी. आपण काही आता मेडल आणणार नाही. शुल्क उतरलं की हा भाव राहायचा नाही. तुझा अर्धा वाटा तुला पोचता करीन.

विचार कर आणि हो म्हण.

वर्कशॉपमध्ये सध्या एका वकिलाची शंभरावर पुस्तकं बांधायला आली आहेत. सगळ्यांचे कणे उसवलेले. वकिलाने खरोखरच वाचलेली दिसतात, हे विशेष.

ताई


२७ जानेवारी

ताई,

"प्रिय" लिहिलेलं नाही, बघ.

तुझं पत्र उघडलं आणि वाटलं, वीज तोडायची नोटीस आली. टाईप केलेलं, वर तारीख, खाली नाव, मधे एक मुद्दा, मग "दुसरं". आणि "विचार कर आणि हो म्हण" हा कुठला विचार गं? हो म्हणायचंच असेल तर डोकं कशाला शिणवू?

विकायची? आपली रायफल? दिवसभर मी ऑफिसात भलत्याच फायलीत भलतेच कागद लावले. एका माणसाचा टाइल्सचा माल माझ्यामुळे खेळण्यांच्या दराने सुटणार होता, साहेबांनी वेळेवर पकडलं.

ताई, खरं सांग. पैशाची अडचण आहे का? वकिलाची पुस्तकं वगैरे ठीक आहे, पण हल्ली पुस्तकं बांधून कोण घेतं? अडचण असेल तर माझ्याशी कसली लाज? तू माझ्या डोक्यातल्या उवा काढल्या आहेस, आणखी काय लपवायचं राहिलंय? सोबत छर्र्यांचे सहा डबे पाठवते आहे. नवे दर लागायच्या आधी सुटलेल्या मालातले, जुन्याच भावाचे. छर्रे महाग म्हणून तू कार्डं पाठवत नसशील तर घे, मिटला प्रश्न.

आणि तुला ती नकोच असेल तर तुझा अर्धा वाटा मी विकत घेते. पण मग मी खेळू कुणाशी? दोन्ही अर्धे माझेच झाले तर माझी कार्डं मीच मोजत बसू? मी स्वतःला किती गुण देईन हे तुला चांगलं ठाऊक आहे.

हसण्यावारी नेऊ नकोस. घरात नवऱ्याचं काम असतं, मुलाचं कॉलेज असतं, सासूबाईंचं दुखणं असतं, आणि या सगळ्यात माझं म्हणावं असं एवढं एकच आहे. आपला हा सामना. तो विकायला काढू नकोस.

भावोजींबरोबर रायफल पाठव. फेब्रुवारी उजाडेल आता.

ठेंगणी


१२ फेब्रुवारी

ठेंगणे,

डबे मिळाले. परत पाठवणार होते, पण टपालखर्च विचारला आणि विचार बदलला.

पैशाची अडचण नाही. तुझ्या त्या वाक्याने नाकाला मिरच्या झोंबल्या. पुस्तकं बांधून घेणारे अजून आहेत, आणि त्यातले बरेचसे पैसे वेळेवर देतात. मी विकू म्हणते ते शहाणपण म्हणून. रायफलच्या हवेच्या सिलिंडरची मुदत या वर्षअखेरीस संपते. त्याच्यावरच कोरलेलं आहे, बघ. मुदत संपलेल्या सिलिंडरमध्ये क्लबवाले हवा भरू देत नाहीत, आणि बरोबरच आहे, कानाशी फुटलं तर काय घ्या? मागच्या वेळी आपण कुरकुरत का होईना नवं घेतलं. आता तेही वाढीव शुल्काच्या तडाख्यात सापडलं आहे. मुदतीच्या आत विकली तर किंमत येईल, नंतर ती नुसती लांबलचक काठी.

रायफल महिनाअखेरीस भावोजींबरोबर पाठवते. पाळी तुझी आहे. शेवटची समज आणि मनसोक्त झाड. परवाच्या रविवारी मी पाच मारले, चार नवाच्या आत आले. नळी झकास आहे. गिऱ्हाइकाला दाखवायची आहे, तेव्हा साफ ठेव.

सामना काही रायफलीवर अडलेला नाही. पत्र लिहायला तुला कुणी बंदी केली आहे का?

ताई


३ मार्च

ताई,

काल भावोजी येऊन गेले. रायफल पोचली.

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर घातली, पेटी उघडली, बारीक किल्ली घेतली आणि नेहमीच्या कामाला बसले. तू ताडमाड, मी ही अशी. दर वर्षी तुझ्या उंचीवरून रायफल माझ्या उंचीवर आणायची म्हणजे खांद्याची पट्टी दोन बोटं आत, गालाची पट्टी खाली. तुझ्या खुणा लाल नेलपॉलिशच्या, माझ्या पांढऱ्या शाईच्या. स्क्रू पिळता पिळता तुझ्या उंचीला चार शिव्या देऊन होतात, तेवढाच माझा व्यायाम.

यंदा काही पिळावंच लागलं नाही. सगळे स्क्रू माझ्या पांढऱ्या खुणेवर. आधी वाटलं, अगं बाई, ताईने माझ्यासाठी आधीच लावून पाठवली! केवढी माया! मग आठवलं, पाठवणारी तू आहेस. नीट बघितलं. जूनमध्ये मी स्क्रूच्या खाचांत ग्रीस भरलं होतं ते जसंच्या तसं, वर धूळ.

तुझ्या उंचीची बाई या मापावर एक छर्रा मारू शकत नाही, हनुवटी खांद्यात जाईल. म्हणजे रविवारचे पाच-सहा छर्रे खोटे. "चार नवाच्या आत" तेही खोटं. तू ती सहा महिने खांद्याला लावलीच नाहीस. आणि दुकानदाराने दर चढवले ते ऑक्टोबरात, ताई. जुलैत छर्रे स्वस्त होते.

भावोजींना विचारलं. त्यांनी चहाचा कप बशीत उगाच गोल फिरवला, म्हणाले, "तिलाच विचार." आणि निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

ते गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुला कंटाळा आलाय. रायफलीचा नाही, माझा. माझ्या कार्डांचा, माझ्या या मारुतीच्या शेपटासारख्या पत्रांचा, या पोरखेळाचा. तू मोठी, समजूतदार, तोंडावर कशी बोलणार? म्हणून तुला शुल्क सापडलं, सिलिंडर सापडलं, दुकानदार सापडला. असंच असेल तर सरळ लिही. टाईप करून लिही, चालेल. मी थोडी रडेन आणि मग विकायला हो म्हणेन. पण वाढलेल्या दरांच्या आड लपू नकोस. दर मी रोज बघते.

ठेंगणी


३० मार्च

ठेंगणे,

उत्तराला उशीर झाला. बऱ्याचदा लिहिलं आणि पुसलं. टाईप करण्याचा एवढा फायदा आहे.

तुझा कंटाळा आला असता तर फार सोपं झालं असतं.

माझा उजवा हात थरथरतो. मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी पुस्तक शिवायला बसले आणि सुई हातात आपली आपण नाचायला लागली. वाटलं, थकवा असेल. मग लिहिताना अक्षर बारीक होत चाललं, ओळीच्या शेवटी नुसत्या मुंग्या. डॉक्टरीणबाईंनी मला खोलीभर चालवलं, बोटं बोटांवर आपटायला लावली आणि आजाराचं नाव सांगितलं. ते इथे लिहीत नाही. लिहिलं तर तू चार ठिकाणी चौकशी करशील आणि मला घाबरवशील. हळूहळू वाढणारं आहे, म्हणाल्या. गोळ्या चालू आहेत. मी मरत नाहीये. पण हे बरंही होणार नाही.

जुलैत पेटी आली तेव्हा उघडली होती. किल्लीही हातात घेतली होती. ती स्क्रूच्या खाचेत बसवायची, एवढंच काम. खाचेच्या कडेवर टक टक वाजत राहिली, आत जाईना. पेटी बंद केली आणि कपाटावर ठेवून दिली. तुझ्याकडे पाठवताना मनात आलं होतं की स्क्रू निदान माझ्या खुणेवर आणून ठेवावेत, नाहीतर ठेंगणी ओळखेल. पण तेवढं जमलं असतं तर लपवायचं होतंच काय?

शुल्क वाढलं तेव्हा मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. सगळ्यांना पटेल असं कारण आयतं दारात आलं. क्लबवाले विचारायचे, "ताई, हल्ली दिसत नाही?" मी म्हणायचे, "छर्रे काय महाग झालेत हो!" की लगेच माना डोलायच्या, त्यांच्याही खिशाला चाट बसली होतीच. अर्धा क्लब महागाईने घरी बसला, त्यांच्यात मीही मिसळून गेले. कुणाला शंकासुद्धा आली नाही.

तुला का नाही सांगितलं, तेही ऐक. घरात आता सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. तुझे भावोजी माझ्या हातातून भरलेला कप काढून घेतात आणि वर हसतात. लेक रोज फोन करून "जेवलीस का" विचारते. पन्नाशी उलटलेली बाई मी, मला भूक लागलेली कळते. वर्कशॉपमधल्या बाईंशी तर पूर्वी रोज एक भांडण ठरलेलं, शिवण सैल आहे की घट्ट यावरून. आता मी काहीही म्हटलं की त्या म्हणतात, "तुम्ही म्हणाल तसं." सगळे जपतात. त्यांचं प्रेम आहे, मला कळतं. पण जीव गुदमरतो गं.

तुझ्या पत्रांत मला कुणी जपत नव्हतं. ती एकच जागा उरली होती, ती घालवायची नव्हती.

आता कळलं तुला. रायफल विकून टाक. तिकडे भाव जास्त येत असेल तर तिकडेच दे.

ताई


८ एप्रिल

प्रिय ताई,

पत्र ऑफिसात वाचलं आणि जिन्यात जाऊन रडले. साहेबांना सांगितलं, डोळ्यात कचरा गेला. त्यांनी माझी फाइल स्वतःच्या टेबलावर ओढून घेतली. मी "थांबा" म्हणायच्या आत त्यांनी तीन चुकीचे शिक्के मारले होते.

मला काही कळलं नाही! पैशाची अडचण काय, कंटाळा काय, किती मूर्खासारखं लिहिलं मी. माफ कर.

रायफल मी विकणार नाही. ऐक, एक मार्ग आहे. आमच्या क्लबवर एक निवृत्त पोस्टमास्तर टेकूवर खेळतात. समोर स्टँड, स्टँडच्या डोक्यावर स्प्रिंग, त्या स्प्रिंगवर रायफल टेकवायची. वजन स्टँड पेलतो, पण स्प्रिंग हलती असते, म्हणून नेम आपणच धरायचा आणि ट्रिगरवर बोटही आपलंच. नियमात बसतं, त्यांचा वेगळा गटच असतो.

स्टँड परदेशातून येतो. नव्या शुल्कासकट किंमत काढली आणि मलाच टेकू लागायची वेळ आली. पण मग पुस्तकात दुसऱ्या प्रकरणात सापडलं. अपंगांसाठीचं सहाय्यक साधन म्हणून मागवलं तर शुल्क शून्य! डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि तुझी एक सही, बस. इतकी वर्षं लोकांचा माल सोडवते आहे, घरच्या माणसासाठी शून्य पहिल्यांदाच बघितलं.

भावोजी पुढच्या आठवड्यात इकडून परतताहेत, त्यांच्याबरोबर रायफल देते. जूनपर्यंत पाळी माझी आहे, पण राहू दे, तू घे. माझी कार्डं सोबत आहेत, मी एकशे ऐंशी मोजले. तुझ्या कार्डांची मुळीच घाई नाही. जमेल तेव्हा कर. नाही जमलं तरी काही बिघडत नाही, तब्येत महत्त्वाची. विश्रांती घे. आणि वेळेवर जेवतेस ना गं?

तुझीच,
ठेंगणी


२४ मे

ठेंगणे,

तुझं पत्र भावोजींना दाखवलं आणि विचारलं, ही कोण बाई? माझी मावसबहीण कुठे गेली? "नाही जमलं तरी काही बिघडत नाही!" एका गुणासाठी माझ्याशी दोन महिने अबोला धरणारी तू. वेळेवर जेवते. आज दोनदा जेवले.

शून्य शुल्क मला नको. त्या सहीच्या वर जे छापलेलं असतं, ती मी आहे असं मला अजून वाटत नाही. उद्या वाटेल, तेव्हा करीन सही. पूर्ण शुल्क भरायची ऐपत नाही हेही खरं. मग वर्कशॉपमध्ये शोधाशोध केली. पुस्तकं दाबायचा जुना लोखंडी प्रेस कोपऱ्यात पडून होता. तो पाया. त्यावर उभी सळई, आणि वर भंगारात काढलेल्या कटिंग मशीनची स्प्रिंग. पहिली स्प्रिंग इतकी ताठ होती की रायफल हलेना, दुसरीवर ती माझ्याहून जास्त थरथरायला लागली. तिसरी बसली. वर वकिलाच्या पुस्तकांतून उरलेलं चामडं चिकटवलं. क्लबच्या सेक्रेटरींनी खाली वाकून, वर बघून, बोटाने ढकलून पाहिलं आणि चालेल म्हणाले. स्क्रू भावोजींनी पिळले, मी बाजूला उभी राहून हुकूम सोडले.

ट्रिगरवर बोट ठेवलं की थरथर जरा दमाने घेते. थांबत नाही. तिच्या दोन लाटांच्या मधे छर्रा सोडावा लागतो. पहिला पूर्ण आठवडा कार्डाला भोकच पडेना, मागच्या लाकडाला पडत होतं. तुझे सहा डबे सत्कारणी लागले.

सोबत कार्डं आहेत. तू मोज. माझ्या मोजणीने एकशे ब्याऐंशी.

तुझी कार्डं मी मोजली. एकशे अठ्ठ्याहत्तर आहेत, ऐंशी नाहीत. दोन भोकं रेषेकडे नुसती बघतात, तिला शिवत नाहीत.

ताई


१ जून

ताई,

हे चालणार नाही! अजिबात चालणार नाही!

तुझी कार्डं मी भिंग घेऊन मोजली. मग नवऱ्याला मोजायला लावली. मग ऑफिसात नेऊन साहेबांसमोर ठेवली, ते म्हणाले, "बाई, मला यातलं कळत नाही," तरी त्यांनाही मोजायला लावली. एकशे एक्क्याऐंशी आहेत. दुसऱ्या कार्डावरचं वरचं भोक नवाचं आहे, दहाचं नाही. कापला तो गुण.

तरीही तू पुढेच! माझ्या मोजणीने एकाने, तुझ्या मोजणीने चाराने. आणि हा सामना बरोबरीचा म्हणायचा? तू रायफलीला लोखंडी प्रेसवर चामड्याची गादी घालून निजवणार, आणि मी ते धूड दोन हातांवर पेलत, श्वास रोखून, पोटऱ्यांत गोळे येईपर्यंत उभी राहणार? वर माझ्या भोकांना नावं ठेवणार? टेकूवाल्यांचा गट वेगळा असतो, हे तुला मीच लिहिलं होतं, मीच! मीच तुला मार्ग दाखवला आणि त्याच मार्गाने येऊन तू मला हरवलंस. पोस्टमास्तरांना विचारलं तर ते हसायला लागले. यापुढे एक तर तू पाच गुण सोडून खेळायला सुरुवात कर, नाहीतर मीही टेकू लावणार.

आणि जूनअखेरपर्यंत पाळी माझी आहे. तू आजारी म्हणून मी मोठ्या मनाने सोडली. एकशे एक्क्याऐंशी मारणारी बाई कसली आजारी? रायफल ताबडतोब पाठव.

माझी ती दोन भोकं रेषेला शिवतात. शिवतात म्हणजे शिवतात. दुष्ट कुठली.

ठेंगणी


८ जून

ठेंगणे,

तुझं पत्र भावोजींना मोठ्याने वाचून दाखवलं. ते गोरेमोरे झाले. म्हणाले, "अगं, आजारी माणसाला असं लिहितात का? मी तिला फोन करून समजावतो." मी फोन काढून घेतला. खबरदार, म्हटलं. इतकं हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी बराच वेळ थांबलंच नाही. ते बिचारे रुमाल घेऊन उभे, यातलं हसू कुठलं आणि रडू कुठलं त्यांना समजेना.

दुकानदाराला निरोप दिला की रायफल विकायची नाही, भाव कितीही चढो. सिलिंडरचं वर्षअखेरीस बघू. शुल्क उतरलं तर ठीक, नाहीतर दोघी मिळून कुरकुरू. तुझी रायफल भावोजी गुरुवारी आणतील.

पाच गुण सोडणार नाही. एकही सोडणार नाही. तू कापलेलं ते भोक दहाचंच आहे. टेकू लावायचा तर खुशाल लाव, पण स्वतःचा स्वतः बनव.

या घरात आता सगळे मला सगळं सोडतात, ठेंगणे. माझ्या चुका सोडतात, माझी चिडचिड सोडतात, सांडलेला चहासुद्धा मी बघायच्या आत पुसून टाकतात. किती महिन्यांनी कुणीतरी माझ्यावर ओरडलं आणि माझा एक गुण कापला. दिवसभर मी वर्कशॉपमध्ये हातात पत्र घेऊन हिंडत होते.

ताई